मुंग्यांचा सोमवार

तरसवाडीत त्या बुधवारी सकाळी सकाळी हलगी कडाडली, तेव्हा ना कुठली जत्रा होती, ना कुणी निवडून आलं होतं. तपासणीचा निकाल आला होता. सांगोल्याकडच्या त्या अख्ख्या माळरानात तरसवाडी हे एकच गाव असं निघालं होतं, की जिथं मधुमेहाचा एकही माणूस नाही. एकही! सरपंच बिरुदेव येडगे यांना ही बातमी फोनवर कळली आणि त्या भल्या माणसानं काय करावं? पाच किलो पेढे मागवले. मधुमेह नाही म्हणून पेढे! आणि ते पारावर उभं राहून स्वतःच्या हातानं वाटले.

"घे गं वैजंता, तोंड गोड कर. तुझ्याच कष्टाचं फळ हाय," म्हणत त्यांनी तिच्याही हातावर दोन ठेवले.

वैजंता सरगर ही गावची आशाताई. चौदा वर्षं घरोघर फिरलेली. कुणाच्या घरी पाळणा हलणार हे घरधन्याच्या आधी तिला कळायचं, मग बाकीच्या गोष्टींची काय कथा? पेढे हातात धरून ती नुसती उभी राहिली. शून्य कसं येईल? गल्लीतली अनसाक्का रात्रीतून चार वेळा उठते, हे तिला माहीत होतं. तिची स्वतःची सासू ठकूबाई दुपारपर्यंत अख्खी कळशी पाणी पिते, हेही ती रोज बघत होती. आणि सासूच्या पायाच्या अंगठ्याला बोरीचा काटा लागून झालेली जखम पाच आठवडे झाले तरी भरत नव्हती. ठकूबाई ती लुगड्याच्या काठाखाली झाकून ठेवायची.

"आत्ती, एकदा डॉक्टरला दाखवू या," वैजंता रोज म्हणायची.

"काय नगं. तुझ्या सासऱ्याला न्हेलं हुतं की. सुई टोचली आन् साखर निघाली. टोचलीच नसती तर निघाली असती का?"

आता या वकिलीपुढं कोण काय बोलणार? सासरे बारा वर्षांपूर्वी गेले, ते एक पाय गुडघ्याखाली कापल्यावर वर्षभरानं. तेव्हापासून ठकूबाईनं ठरवून टाकलं होतं: सुई नाही, दवाखाना नाही, कसलं यंत्र नाही. वैजंताचा नवरा टँकर घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात दोघीच. त्या अंगठ्याकडे बघितलं की वैजंताला सासऱ्यांचा कापलेला पाय आठवायचा. सासू खाष्ट होती, तोंडाळ होती, पण वैजंताची होती. तिला तिचा पाय हवा होता.

सासूला सुईविना तपासता यावं म्हणून तर, काटा लागायच्याही आधी, तिनं दोन वर्षं खेटे घालून गावात मुंग्या आणल्या होत्या.

मुंग्यांचं काय ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. ही गोष्ट आहे दोन हजार बेचाळीस सालातली. तोवर कालव्याचं पाणी तरसवाडीपर्यंत आलं होतं. खुरपणीला यंत्रं आली, तशा बायका घरी बसल्या. बाजरीची जागा रेशनच्या तांदळानं घेतली, न्याहारीला बिस्किटं आली आणि दोन घरं पलीकडं जायलाही बॅटरीची गाडी. दुष्काळानं जे केलं नव्हतं ते सुखानं केलं. खेड्यापाड्यांत मधुमेह असा पसरला की तपासायला माणसं पुरेनात आणि बोटाला सुई लावून घ्यायला लोक तयार होईनात.

तेव्हा कुणा शहाण्याला मुंगी आठवली. मुंगीची नजर अधू, पण डोक्यावरच्या दोन मिशा अशा तिखट की त्यांतून सुटेल असा वास नाही. शरीराला रक्तातली साखर वापरता येईनाशी झाली की ते चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळण्याचा एक बारीक वास माणसाच्या घामाला येतो. पिकून उतरलेल्या फळाचा येतो तसा. आपल्या नाकाला तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. मुंगीला तो कितीतरी वर्षं आधी कळतो. पण कळला तरी ती सांगणार कशी? तर तिला शिकवायचं. आजारी माणसाच्या घामाचा कापूस ठेवायचा आणि शेजारी साखरपाण्याचा थेंब. दोन-तीनदा असं केलं की तिच्या डोक्यात पक्कं बसतं, हा वास म्हणजे जेवण. मग थेंब नसला तरी ती त्या वासाकडं धावते आणि तिथंच घुटमळत राहते.

झालं, एवढंच ते यंत्र! काचेची एक पेटी, तिच्यात सहाशे शिकलेल्या मुंग्या. ज्याला तपासायचं त्यानं कापसाची एक वात वळायची, शंभर आकडे होईपर्यंत मुठीत घट्ट धरायची आणि द्यायची. पेटीच्या एका दाराशी ती वात, दुसऱ्या दाराशी कोरी वात. मधे वीस मुंग्या सोडायच्या. कुठल्या वातीकडं किती गेल्या, किती वेळ थांबल्या, ते वर लावलेला फोन मोजतो. संशय आला तरच मग रक्त तपासायचं. ना सुई, ना दुखणं. म्हाताऱ्या बाया तर जन्मभर वातीच वळत आलेल्या.

अट एकच, मुंगी भुकेली पाहिजे. म्हणून आठवडाभर तिला गोड काही द्यायचं नाही, फक्त पाणी आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा. सोमवारी तेही बंद. मंगळवारी तपासणी, आणि ती संपली की साखरपाणी पोटभर. पोट भरलेली मुंगी कशाला धावेल? आपण तरी जेवून उठल्यावर खानावळीची पाटी वाचतो का?

बंद पडलेल्या पोस्टाच्या खोलीत खिडकीशी ही पेटी ठेवली होती, वारा लागावा म्हणून जाळीची बाजू खिडकीकडं करून. दहा मंगळवार तपासणी चालली. गाव सगळं झालं, एक ठकूबाई सोडून. "यंत्र न्हाई म्हंजे न्हाई. मुंग्या कोंडल्या म्हनून काय यंत्राचं देऊळ हुतंय?" असं म्हणून ती उठून गेली होती. आणि दहा मंगळवारांत एकाही वातीकडं मुंग्या धड वळल्या नव्हत्या.

पेढे वाटून झाले त्याच दुपारी तालुक्याहून डॉक्टर तांबोळीबाईंचा फोन आला. बाई सडपातळ, बोलणं नेमकं.

"वैजंताताई, मी अभिनंदन करायला फोन केला नाही हं."

"मला वाटलंच, बाई."

"आजूबाजूच्या गावांत शंभरात पंधरा निघतात. तुमच्याकडे शून्य. म्हणजे एक तर तुमचं गाव स्वर्गात आहे, नाहीतर मुंग्यांचं काहीतरी चुकतंय. येत्या मंगळवारी मी स्वतः येते, शंभर माणसं पुन्हा तपासू. तेव्हाही असंच झालं तर पेटी उचलावी लागेल. रांगेत दुसरी गावं उभी आहेत."

वैजंतानं फोन ठेवला. पेटी गेली की सासूला तपासायची उरलीसुरली वाट बंद. मग अंगठा जाईल, मग पाऊल, मग सासऱ्यांचं झालं ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. हातात होते सहा दिवस.

त्या संध्याकाळी तिनं पेटीवरच्या फोनमधली सगळी चित्रं उघडली. तो फोन दर तासाला पेटीचं एक चित्र काढून ठेवायचा. इतके दिवस तिनं फक्त मंगळवारची बघितली होती. आता रोजची बघू लागली, तर चमत्कारच! दिवसभर पेटीत इकडंतिकडं पांगलेल्या मुंग्या रोज सकाळी सहाच्या चित्रात एकजात खिडकीकडच्या जाळीवर लटकलेल्या. सातला तिथंच. आठला पोटं टम्म फुगवून निवांत. सोमवारीसुद्धा!

"अगं बाई!" वैजंता मोठ्यानं म्हणाली. "ह्यांना कोण खायला घालतंय?"

गुरुवारी सकाळी पावणेसहाला ती पोस्टाच्या मागच्या बाजूला चिंचेच्या बुंध्याआड उभी राहिली. उजाडलं होतं. आणि आल्या की एकेक जणी! अनसाक्का, गोदाकाकू, डोक्यावरून पदर घेतलेली रोशनबी चाची, अशा सातजणी. कुणाच्या मुठीत साखर, कुणाच्या पदरात रवा. आणि त्या सातजणींत सगळ्यांच्या पुढं, दुखऱ्या पायावर लंगडत, हातात चांगली वाटीभर साखर घेऊन, वैजंताची सासू.

"खावा गं बायांनो, खावा," जाळीतून चिमूट चिमूट साखर आत सोडत ठकूबाई म्हणत होती. "माझ्या सुनंनं कोंडलंय तुमास्नी. तिला पोरबाळ न्हाई, तिला काय कळतंय उपाशी पोटाचं."

"आत्ती!"

बाकीच्या सहाजणी अशा दचकल्या की गोदाकाकूचा रवा अंगावर सांडला. रोशनबी चाची भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. ठकूबाई मात्र हलली नाही.

"काय वरडतीस? चोरी केली का मी?"

"आत्ती, अहो, अडीच महिने माझी तपासणी वाया गेली! गावाला वाटलं कुणाला कायच न्हाई. तुमी सगळ्यांनी मिळून..."

"आमी सगळ्यांनी मिळून पुण्य केलं," ठकूबाई ठणकावून म्हणाली. "मिटिंगीत तूच सांगितलंस ना, ह्यांना उपाशी ठेवत्यात म्हनून? माझ्या सासूनं मला शिकवलं, सकाळी चूल पेटवायच्या आदी मुंगीला घालावं. साठ वरसं घालतीया. आन् गावात कोंडलेली उपाशी मुंगी असताना मी च्या पिऊ? तुझ्या पापात मी वाटेकरीण न्हाई व्हायची."

वैजंताला रडावं की हसावं कळेना. साऱ्या तालुक्यात पेट्या होत्या, कुठं उंदीर लागले, कुठं ऊन लागलं. पण दया लागून पेटी बिघडली अशी ही पहिलीच! तिनं रागारागानं खिडकी बंद करून खिळे ठोकले आणि घरी आली.

दुपारी ताट वाढलं, तर सासू भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"जेवा की आत्ती."

"त्या जेवल्या?"

वैजंतानं ताट तिच्यापुढं सरकवलं.

"मग मला बी नगं."

संध्याकाळपर्यंत कळलं की सातही घरांत तेच. अनसाक्काचा मुलगा भांडायला आला, रोशनबीची सून हात जोडायला. शुक्रवारी सकाळी सासूनं बिनसाखरेचा घोटभर चहासुद्धा बाजूला सारला, तेव्हा वैजंताचा धीर सुटला. आजारी अंग, त्यात पोटात काही नाही. ज्या पायासाठी ती एवढी धडपडत होती, त्या पायाची धनीणच उपाशी मरायला निघाली होती. खिळे काढावेत तर पेटी जाते, न काढावेत तर सासू. तिनं देवाला, नवऱ्याला आणि मुंग्यांना एका दमात शिव्या घातल्या. मग तोंड धुतलं आणि देवळाच्या ओसरीवर गेली. तिथं सातजणी ओळीनं बसल्या होत्या. ती समोर मांडी घालून बसली.

"आत्ती, तुमी सोमवार धरता."

"धरते. मग?"

"आन् सोमवारी कुणी येऊन तुमच्या तोंडात शिरा कोंबला तर?"

"मुस्काट फोडीन त्याचं."

"मग तुमी दर सोमवारी त्यांच्या तोंडात साखर का कोंबता? त्यांचाबी सोमवारच असतो की. सोमवारी उपास, मंगळवारी पारणं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रोशनबी चाची हळूच म्हणाली, "म्हंजी रोजाच की गं."

"व्हय चाची, रोजाच."

ठकूबाई काही इतक्या लवकर हार मानणारी नव्हती. तिनं सुनेकडं रोखून बघितलं. "त्यांनी आपल्या मनानं धरलाय, का तू धरायला लावलाय?"

प्रश्न असा वर्मी बसला की वैजंताला खोटं बोलवेना. "मी लावलाय, आत्ती. पण कशासाठी? ह्या गावासाठी. एक दिस उपाशी राहून त्या माणसांचं दुखणं हुडकून देत्यात. आपल्या कुणाला जे कळत न्हाई, ते त्यांना कळतं. भरल्या पोटी त्यांना ते जमत न्हाई."

"म्हंजी..." ठकूबाईचा आवाज एकदम उतरला. "आमच्यासाठी उपास करत्यात त्या?"

"तुमच्यासाठीच."

"आन् आमी त्यो मोडत हुतो!" म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. डोळे भरून आले तिचे. "दहा सोमवार मोडले गं अनसे. दहा!"

"पर बाकीचं सहा दिस?" गोदाकाकूनं शंका काढली. "तवा काय खात्यात?"

"उकडलेलं अंडं."

"अंडं? रोज?" अनसाक्का उसळली. "आमच्या घरात मला कुणी इचारत न्हाई अंड्याला!"

आणि मग ओसरीवर असा हशा उसळला की पारावरचे गडी माना वळवून बघू लागले. रोशनबी चाचीला हसता हसता उचकी लागली. उपास तिथंच सुटला, गोदाकाकूच्या घरच्या भाकरी आणि पिठल्यावर.

पण हात धुताना ठकूबाई म्हणाली, "ते समदं खरं. पर मुंगीला घातल्याबिगर माझा दिस उगवत न्हाई. आता मी कुणाला घालू?"

"कालव्यापल्याड माळाला किती वारुळं हायत," वैजंता म्हणाली. "तिकडं कोण जातंय त्यांना घालायला?"

"लांब हाय की. कोसभर."

"मग ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या काय? लांब हाय म्हनून धरम सोडायचा?" म्हातारी खवळलीच. "रोज पहाटं जायचं. सगळ्यांनी. आन् ऐका गं, डब्यातली साखर न्यायची न्हाई. डब्यातली काढून दिली तर आपलं काय जातंय? आपल्या कपातली न्यायची. च्यात दोन चमचे घालता ना, ते दोन चमचे मुंगीला. आपण बिनसाखरंचा प्यायचा. तोंडातलं काढून दिलं तरच ते दान."

"दोन्ही चमचे?" अनसाक्कानं चाचरत विचारलं.

"दोन्ही!"

वैजंतानं ओठ घट्ट मिटून घेतले. चौदा वर्षं ती रंगीत तक्ते घेऊन दारोदार सांगत होती, चाला आणि साखर कमी करा. ऐकून घेऊन लोक तिला साखरेचा चहा पाजायचे. आणि आज एका दुपारी सात म्हाताऱ्यांनी ते दोन्ही आपसात ठरवून टाकलं होतं, शपथेवर! मधुमेह हा शब्द चुकून तोंडातून निघाला तर सगळं विस्कटेल, या भीतीनं ती नुसती मान डोलवत राहिली. आतून तिला नाचावंसं वाटत होतं. फक्त सासूला म्हणाली, "तुमचा पाय बरा होईस्तवर तुमी माझ्या गाडीवर मागं बसायचं." ठकूबाईनं कुरकुर करत ते कबूल केलं, आणि शनिवारी पहाटे सुनेच्या मागं बसून, बटव्यात साखर घेऊन, चालणाऱ्या सहाजणींवर वरून हुकूम सोडत ती माळावर गेली.

खिडकीचे खिळे वैजंतानं शुक्रवारीच काढले होते. सोमवारी जाळीपाशी कुणीसुद्धा फिरकलं नाही. उलट ठकूबाईनं तिथं एक म्हातारं माणूस राखणीला बसवलं आणि त्याला बजावलं, "उपास हाय त्यांचा. कुणाला जवळ येऊ देऊ नका."

मंगळवारी सकाळी सात वाजता डॉक्टर तांबोळीबाई आल्या. पोस्टापुढं गर्दी जमली. गावाची इज्जत पणाला लागलेली, त्यामुळं सरपंच इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत.

पहिली वात अनसाक्काची. वैजंतानं वीस मुंग्या मधे सोडल्या. त्या क्षणभर तिथंच थांबल्या, मिशा हलवल्या. आणि मग वीसच्या वीस अनसाक्काच्या वातीकडं धावत सुटल्या. वातीवर चढल्या, खाली उतरल्या, पुन्हा चढल्या.

"चालतंय!" वैजंता ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लगेच तिची तिलाच लाज वाटली. शेजारणीला रोग निघाला आणि आपण आनंदानं रडतोय? तिनं अनसाक्काचा हात धरला. "अक्का, लवकर कळलंय. भ्यायचं न्हाई."

"भेतंय कोण? साखर तर मी सोडलीच हाय," अनसाक्का म्हणाली.

एक वाजेपर्यंत शंभर वाती झाल्या. सोळा वातींकडं मुंग्या धावल्या, आणि त्यांतली एक सरपंचांची होती.

"बाई, मी पेढे वाटले हो गावाला," सरपंच रडकुंडीला येऊन म्हणाले.

"आणि स्वतः किती खाल्ले?" तांबोळीबाईंनी विचारलं. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई वैजंताकडं वळल्या. "आता हे गाव खरं वाटतंय. पेटी कुठंही जात नाही."

गर्दी पांगायला लागली आणि मागून आवाज आला, "सरका की वाईच."

ठकूबाई होती. मुठीत वात. केव्हा वळली, केव्हा धरली कुणास ठाऊक! तिनं ती सुनेच्या हातात दिली. "माझी बी लाव."

वैजंतानं वात घेतली. एवढ्या दिवसांची खटपट ज्या एका वातीसाठी, ती तिच्या चिमटीत होती. तिनं ती दारात ठेवली आणि मुंग्या सोडल्या. त्या थांबल्यासुद्धा नाहीत. एकजात सगळ्या धावत गेल्या.

वैजंताला सासूकडं बघायचा धीर होईना. ठकूबाई काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.

"खरंच असणार," शेवटी ती शांतपणे म्हणाली. "डॉक्टर असंल परका, यंत्र असंल खोटं. पर ह्यांनी अडीच महिने माझ्या हातचं खाल्लंय. ह्या कशाला माझ्याशी खोटं बोलतील?"

डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं की आता रक्त तपासायला हवं. बोटाला एक सुई.

"टोच बाई. आन् ह्यो अंगठाबी बघून घे," म्हणत म्हातारीनं बारा वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरपुढं लुगड्याचा काठ आपण होऊन वर उचलला. "पर आदी त्यांचं पारणं होऊ दे. मग माझं बोट."

वैजंतानं साखरपाण्याची ताटली पेटीत सरकवली. सहाशेच्या सहाशे मुंग्या तिच्याभोवती गोळा झाल्या. सातही बायका काचेभोवती वाकून बघत होत्या, घरातलं लेकरू जेवताना बघतात तशा. सुई केव्हा टोचली ते ठकूबाईला कळलंसुद्धा नाही.

जखम वेळेत सापडली होती. बाईंनी ती धुतली, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, आणि दीड महिन्यात अंगठ्यावर नवी कातडी आली. ज्या दिवशी डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, त्या दिवशी ठकूबाईनं सुनेच्या गाडीला हातही लावला नाही. तोवर माळावर जाणाऱ्या सातजणींच्या सत्तर झाल्या होत्या. मग गडी आले, सगळ्यांत शेवटी तोंड लपवत सरपंच आले. प्रत्येकाच्या खिशात आपापल्या कपातली दोन चमचे साखर. तिकडची वारुळं अशी माजली की गुराखी वळसा घालून जाऊ लागले. पुढं आजूबाजूच्या गावांनीही मुंग्यांचा सोमवार धरला, आणि तांबोळीबाई जिथं जातील तिथं आधी गावातल्या म्हाताऱ्यांना भेटू लागल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी लागली. अनसाक्काच्या वातीकडं आठच मुंग्या गेल्या. सरपंचांच्या वातीकडं अकरा. मग ठकूबाईनं आपली वात दिली आणि हौसेनं काचेपाशी जाऊन बसली. वैजंतानं वीस मुंग्या सोडल्या. त्या मधेच रेंगाळल्या. काही कोऱ्या वातीकडं गेल्या, काही नुसत्याच फिरत राहिल्या. तीन मुंग्या तेवढ्या ठकूबाईच्या वातीपाशी आल्या, हुंगलं न हुंगलं केलं आणि परत फिरल्या.

म्हातारीचा चेहरा पडला. "ह्या का येत न्हाईत गं?" ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "वळखलं न्हाई मला? का रुसल्या? काय चुकलं का माझं?"

वैजंताला हसू आणि रडू एकदमच आलं होतं. तिनं सासूच्या गळ्यात हात टाकले, जे तिनं लग्नापासून कधी केलं नव्हतं.

"आत्ती, अहो, त्या येत न्हाईत हीच तर चांगली गोष्ट! तुमच्या घामाचा त्यो वास गेला. तुमी बऱ्या व्हायला लागलाय."

ठकूबाईनं सुनेकडं बघितलं. मग काचेतल्या मुंग्यांकडं बघितलं. हळूहळू तिचं तोंड सगळ्या सुरकुत्यांसकट फुललं.

"असं व्हय!" ती म्हणाली. "मग सांग त्यांना, अजिबात यायचं न्हाई माझ्याकडं. मी हाय की धडधाकट. मीच जाते त्यांच्या भैनींकडं रोज माळाला, चालत."